ऑक्सफर्डची ती भविष्याची संस्था बंद का पडली? मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा वाचनाचा गट बडोद्यात दांडिया बाजारात दर शनिवारी संध्याकाळी भरतो. आठ-दहा जण असतो, निम्मे कॉलेजातले, निम्मे माझ्यासारखे रिटायर्ड, आणि गेली काही वर्षं आम्ही माणसाच्या लांबच्या भविष्याबद्दल वाचतोय, म्हणजे साथी, अणुयुद्ध, एआय हे सगळं. एप्रिल २०२४ मध्ये ऑक्सफर्डची फ्यूचर ऑफ ह्युमॅनिटी इन्स्टिट्यूट बंद झाली आणि तेव्हापासून नवीन येणारा प्रत्येक जण मला तेच तेच विचारतो, मी प्रत्येकाला अर्धं अर्धं सांगते आणि घरी आल्यावर आठवतं की अरे, महत्त्वाचं तर राहिलंच. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. लांब झालंय. ज्याला जो प्रश्न पडलाय तो वाचा.

काकू, ही संस्था करायची काय? भविष्य सांगायची?

नाही रे बाबा. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि मला त्याचा राग येत नाही, कारण नावच तसं आहे. ही ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीतली एक छोटी संशोधन संस्था होती. २००५ साली निक बोस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश तत्त्वज्ञाने सुरू केली. तेव्हा जेम्स मार्टिन या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या लेखकाने युनिव्हर्सिटीला प्रचंड मोठी देणगी दिली होती, त्यातून एकविसाव्या शतकाच्या प्रश्नांसाठी एक स्कूल उभं राहिलं (आता त्याला ऑक्सफर्ड मार्टिन स्कूल म्हणतात), आणि त्या स्कूलच्या पहिल्या पहिल्या संस्थांपैकी ही एक. कागदोपत्री मात्र ती होती फिलॉसॉफी फॅकल्टीच्या खाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं इथूनच निघतं.

त्यांचा मूळ प्रश्न एकच होता. माणूस नावाची जात पुढची शंभर, हजार, लाख वर्षं टिकेल का, आणि टिकू नये असं काय काय होऊ शकतं? हा प्रश्न कुठल्याच डिपार्टमेंटचा नव्हता. फिजिक्सवाले म्हणणार उल्का आमच्याकडे, डॉक्टर म्हणणार साथी आमच्याकडे, कॉम्प्युटरवाले म्हणणार एआय आमच्याकडे, पण हे सगळं एका टेबलावर ठेवून यातलं जास्त भ्यायचं कशाला, हे कोणीच विचारत नव्हतं. यांनी विचारलं.

म्हणजे फ्यूचर स्टडीज का? ते तर जुनं आहे ना?

जुनं आहे, बरोबर. अमेरिकेत हवाई युनिव्हर्सिटीत १९७१ पासून फ्यूचर स्टडीजचं केंद्र आहे, स्वीडनमध्ये १९७३ मध्ये थेट पंतप्रधानांच्या ऑफिसच्या हाताखाली भविष्याच्या अभ्यासाचं खातं काढलं होतं आणि त्याचीच पुढे १९८७ मध्ये स्वतंत्र संस्था झाली. ती अजून चालू आहे. तिचं नाव पुढे परत येईल.

फरक असा की जुने लोक जास्त करून दहा-वीस-तीस वर्षांची चित्रं काढतात, शहर कसं असेल, कामगार किती लागतील, असं असं झालं तर काय, तसं तसं झालं तर काय. ऑक्सफर्डवाले त्याच्या पलीकडे गेले. त्यांचं गणित शक्यतांचं आणि तत्त्वज्ञानाचं होतं, आणि त्यांना रस होता त्या संकटांत जी एकदा आली की सुधारायला दुसरा चान्सच नाही.

पण प्रत्यक्ष काम काय केलं? नुसत्या गप्पा?

इथे मी जरा थांबणार आहे कारण लोकांना बोस्ट्रॉम यांचं २०१४ चं सुपरइंटेलिजन्स हे पुस्तक तेवढं माहीत असतं आणि बाकीचं माहीतच नसतं.

२००८ मध्ये त्यांनी जागतिक संकटांवर एक परिषद भरवली आणि आलेल्या तज्ज्ञांना विचारलं की २१०० च्या आत माणूस नामशेष व्हायची शक्यता किती वाटते. उत्तरांचा मध्य निघाला १९ टक्के. आता हा काही शास्त्रीय निकाल नव्हे, परिषदेला आलेल्या थोड्या लोकांचा अंदाज आहे, आणि त्यांनी स्वतःच तसं लिहून ठेवलंय. पण आपण कोणी आकडा तरी काढला होता का? पुढे तिथलेच टोबी ऑर्ड यांनी २०२० च्या पुस्तकात प्रत्येक संकटाला वेगळा आकडा दिला. येत्या शंभर वर्षांत नैसर्गिक कारणांनी सर्वनाश व्हायची शक्यता १०,००० मध्ये १, अणुयुद्धाने १,००० मध्ये १, माणसाने बनवलेल्या साथीने ३० मध्ये १, आणि बेलगाम एआयमुळे १० मध्ये १. सगळं मिळून ६ मध्ये १. यातला एकही आकडा तुम्ही मानू नका हवं तर, मीही सगळे मानत नाही, पण एक गोष्ट बघा की उल्का आणि ज्वालामुखी एका बाजूला आणि माणसाने स्वतःच्या हाताने केलेलं दुसऱ्या बाजूला, आणि दुसरी बाजू हजारपटीहून जड. आमच्या गटात या एका तक्त्यावर आम्ही दोन शनिवार भांडलो.

मग २०१६ मध्ये तिथल्या लोकांनी इतरांबरोबर मिळून एआयमध्ये काम करणाऱ्या ३५२ संशोधकांना विचारलं की मशीन सगळ्या कामांत माणसाच्या पुढे कधी जाईल. सरासरी अंदाज असा की ४५ वर्षांत तसं व्हायची शक्यता ५० टक्के. गंमत म्हणजे आशियातले संशोधक म्हणाले ३० वर्षं आणि उत्तर अमेरिकेतले म्हणाले ७४ वर्षं. एवढा फरक कशामुळे, यावर अजून मला पटेल असं उत्तर मिळालेलं नाही.

कोविडच्या वेळी २०२० मध्ये शाळा बंद करणं, गर्दीवर बंदी, दुकानं बंद, यातल्या कशाने साथ किती कमी झाली याचा ४१ देशांच्या आकड्यांवरून अभ्यास झाला, त्यात इथली माणसं होती, आणि तो सायन्स या नावाजलेल्या शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. ही गप्पा मारणाऱ्यांची कामं नव्हेत.

आणि माझी सगळ्यात आवडती कल्पना सांगते. २०१६ च्या एका पेपरमध्ये बोस्ट्रॉम, टॉम डग्लस आणि अँडर्स सँडबर्ग या तिघांनी असं मांडलं की दहा चांगल्या हेतूच्या माणसांकडे एखादी गोष्ट करायची ताकद असेल आणि प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने ठरवत असेल, तर ती गोष्ट होण्याची शक्यता खूप वाढते, कारण दहातल्या एकाचा अंदाज चुकला तरी पुरे. समजा पावसाळ्यात कोणी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की आजवा धरणाचं पाणी सोडलंय, आता दोन तासांत सगळं बुडणार. नऊ जण म्हणतील थांबा, खात्री करू. दहावा बिचारा काळजीपोटी पुढे पाठवेल, आणि अर्ध्या तासात अख्खं रावपुरा सामान माळ्यावर चढवत असेल. दहावा वाईट नव्हता. चूक एकेकट्याने ठरवण्यात आहे. म्हणून ते म्हणतात की अशा वेळी बाकीचे गप्प का आहेत याचाही विचार करा. हे मी घरात, सोसायटीत, सगळीकडे वापरते.

बंद कधी झाली? अचानक?

१६ एप्रिल २०२४ ला. १९ वर्षं चालली. पण अचानक अजिबात नाही, चार वर्षं हळूहळू चाललं होतं. २०२० मध्ये फॅकल्टीने सांगितलं की नवीन माणसं घ्यायची नाहीत आणि नवीन देणग्याही मागायच्या नाहीत. विचार करा, संशोधन संस्थेत सगळे करारावर असतात, दोन वर्षांचा करार, तीन वर्षांचा करार, कोणाचा तरी दर सहा महिन्यांनी संपतोच आणि त्याच्या जागी नवीन येत नाही. मग कोणी बंद करायची गरजच उरत नाही, ती आपोआप रिकामी होत जाते. २०२१ मध्ये एआयच्या कारभारावर काम करणारा गट बाहेर पडून स्वतंत्र झाला. २०२३ च्या शेवटी फॅकल्टीने ठरवलं की उरलेल्यांचे करार वाढवायचे नाहीत. आणि एप्रिलमध्ये कुलूप.

पैसे संपले असतील. सगळीकडे तेच असतं.

नाही, आणि याच गोष्टीने मला सगळ्यात जास्त त्रास झाला. ओपन फिलान्थ्रपी नावाच्या संस्थेने २०१८ मध्ये यांना १ कोटी ३० लाख पाउंडांच्या वर रक्कम मंजूर केली होती, आणि द्यायला तयार असलेले लोक पुढेही होते. पैसा होता. तो मागायची आणि खर्चायची मुभा नव्हती.

मी शहरातल्या एका संस्थेत छोट्या अभ्यास केंद्रात लायब्ररी असिस्टंट होते, १४ वर्षं. नाव घेत नाही. तीन खोल्या, एक प्यून, पाण्याचा आणि शेतीचा अभ्यास. आमचे सर रिटायर झाले आणि त्यांची जागा भरलीच नाही. नाही भरणार असं लेखी कोणी दिलं नाही, फाईल फक्त एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायची. त्याच वर्षी एका प्रोजेक्टचे पैसे मंजूर होऊन आले होते. दोन मुलांना घ्यायचं होतं, पण नेमणुकीच्या कागदावर सही करायला हेड पाहिजे, आणि हेड नाही. मार्च अखेरीला ते पैसे व्याजासकट परत गेले. मी स्वतः त्या पत्राला जावक नंबर घातला. त्यामुळे ऑक्सफर्डचं वाचलं तेव्हा मला समजावून सांगायची कोणाची गरज पडली नाही.

ते ईमेलचं प्रकरण होतं ना? आणि एफटीएक्स बुडालं, त्याचं?

दोन्ही खरं आहे आणि दोन्ही वाईट आहे, लपवायचं काही कारण नाही. १९९६ मध्ये विद्यार्थी असताना बोस्ट्रॉम यांनी एका ईमेलमध्ये कृष्णवर्णीयांबद्दल अत्यंत घाणेरडं लिहिलं होतं, ते जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आलं, त्यांनी माफी मागितली, ती माफीही अनेकांना अपुरी वाटली, मलाही वाटली, आणि युनिव्हर्सिटीने त्या ईमेलचा निषेध केला. आणि एफटीएक्स हा क्रिप्टोचा धंदा नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळला, त्याचा मालक सॅम बँकमन-फ्राइड याच विचारांच्या वर्तुळात मोठा दाता म्हणून मिरवत होता, त्यामुळे या सगळ्या मंडळींच्या नावाला डाग लागला.

पण तारखा बघा. माणसं घेणं बंद झालं २०२० मध्ये. एफटीएक्स बुडालं त्याच्या दोन वर्षांनंतर, ईमेल बाहेर आलं त्याच्याही नंतर. या गोष्टींनी शेवटच्या वर्षात बाजू घ्यायला येणारे मित्र कमी झाले असतील, असं मला वाटतं. पण दुखणं त्याआधीचं आहे.

मग चूक कोणाची? फॅकल्टीची?

बोस्ट्रॉम यांचं म्हणणं सरळ आहे की नोकरशाहीने जीव घेतला. युनिव्हर्सिटीचं म्हणणं असं की संशोधनाची रचना कशी असावी याचा आम्ही वेळोवेळी विचार करतो आणि त्या विचारातून फॅकल्टीने हा कठीण निर्णय घेतला. यातून काहीच कळत नाही, मान्य आहे.

मी फॅकल्टीच्या खुर्चीत बसून बघायचा प्रयत्न केला. तुम्ही तत्त्वज्ञानाचं डिपार्टमेंट चालवताय. शेकडो वर्षांची पद्धत आहे, नेमणूक कशी, पगार कसा, मुलाखतीला कोण बसणार. आणि तुमच्याच छपराखाली एक गट आहे ज्यात मेंदूचं कॉम्प्युटर मॉडेल करणारे आहेत, मशीन लर्निंगवाले आहेत, साथीवाले आहेत, एकाचाही तुमच्या शिकवण्याशी संबंध नाही, बाहेरून प्रचंड पैसा येतोय, आणि त्यांना सगळं उद्याच्या उद्या पाहिजे. जबाबदारी मात्र तुमची. कंटाळा येईल की नाही?

आणि हे मी म्हणत नाहीये फक्त. तिथलेच अँडर्स सँडबर्ग यांनी संस्थेचा शेवटचा रिपोर्ट लिहिलाय, त्यात त्यांनी स्वतः कबूल केलंय की आम्ही युनिव्हर्सिटीच्या राजकारणात आणि माणसं जोडण्यात पुरेसं लक्ष घातलं नाही, फॅकल्टीशी टिकाऊ नातं बनवलं नाही. एवढं स्वच्छ लिहायला मोठं मन लागतं. लाख वर्षांचा विचार करणारी माणसं आणि फॅकल्टीच्या ऑफिसात चहाला जायला विसरली. हे वाचताना मला वाईटच वाटलं, कारण आमच्या सरांचंही तेच होतं. विद्वान माणूस, पण अकाउंट्समध्ये कधी पाय ठेवला नाही, दिवाळीला सुद्धा नाही.

तरी माझं मत विचाराल तर मोठा वाटा फॅकल्टीचाच. संबंध बिघडले असतील तर बोला, संस्था दुसऱ्या डिपार्टमेंटकडे द्या, बाहेर पडायला वर्षभराची मुदत द्या. चार वर्षं श्वास कोंडून ठेवायचा आणि मग निर्णय घेतला म्हणायचं, हे मला पटत नाही.

एवढं सोसायचं कशाला? आधीच बाहेर पडून स्वतंत्र ट्रस्ट का नाही केला?

जे पडले ते वाचले. एआयच्या कारभाराचा तो गट, गव्हएआय म्हणतात, २०२१ मध्ये निघाला आणि आज जोरात चाललाय.

पण युनिव्हर्सिटी सोडणं सोपं नसतं. ऑक्सफर्डचं नाव पत्रावर असलं की मंत्री फोन उचलतो. लायब्ररी मिळते, परदेशातल्या माणसाला व्हिसा मिळायला सोपं जातं. आणि मुख्य म्हणजे युनिव्हर्सिटीने वेड्यासारख्या वाटणाऱ्या प्रश्नाला पंधरा वर्षं वेळ द्यावा अशी एक जुनी समज असते. देणगीदार दर वर्षी विचारतो, काय झालं? युनिव्हर्सिटीने विचारायचं नसतं.

आपल्या गावातच बघा ना. प्राच्यविद्या मंदिर, ओरिएंटल इन्स्टिट्यूट, सयाजीरावांच्या काळात १९२७ ला सुरू झालं आणि १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी झाल्यावर तिच्यात आलं. तिथे १९५१ मध्ये वाल्मीकी रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, म्हणजे देशभरातल्या हस्तलिखितांमधला एकेक श्लोक ताडून बघायचा, आणि शेवटचा सातवा खंड निघाला १९७५ मध्ये. चोवीस वर्षं. संपादक बदलले, कुलगुरू बदलले, मुंबई राज्य जाऊन गुजरात झालं, काम चालू. कोणीतरी दर वर्षी त्या फाईलवर सही करत राहिलं म्हणून ते झालं, आणि त्या सही करणाऱ्यांची नावं कुठल्याच खंडावर ठळक अक्षरात नाहीत.

तिथली माणसं आता कुठे आहेत?

बोस्ट्रॉम ऑक्सफर्ड सोडून गेले, मॅक्रोस्ट्रॅटेजी रिसर्च इनिशिएटिव्ह नावाची स्वतःची छोटी संस्था काढली. सँडबर्ग यांचं काम आता स्टॉकहोमच्या त्या भविष्याच्या अभ्यासाच्या संस्थेशी जोडलेलं आहे, जी १९७३ वाली म्हणून वर सांगितलं ती. टोबी ऑर्ड ऑक्सफर्डमध्येच आहेत, मार्टिन स्कूलच्या एआय गव्हर्नन्सच्या कामात. बाकीचे एआय कंपन्यांत, सरकारांत, लहान-मोठ्या ट्रस्टांत विखुरले. कोणी उपाशी नाही पडलं.

मग बिघडलं काय? माणसं आहेत, काम चालू आहे, पाटी गेली एवढंच.

हा प्रश्न आमच्यातल्या एका पोराने विचारला होता आणि मी तेव्हा त्याला नीट उत्तर देऊ शकले नाही. आता देते.

आमचं केंद्र बंद झालं तेव्हा डेड स्टॉकची तपासणी झाली. दोन माणसं रजिस्टर घेऊन आली, प्रत्येक खुर्चीच्या खाली पांढऱ्या रंगाने नंबर असतो तो बघून खूण करायची. दोन खुर्च्या कमी भरल्या, त्यावर एक दिवस गेला, एक प्यूनच्या चहाच्या ठेल्यावर सापडली, दुसरी नाहीच. पुस्तकं मोठ्या लायब्ररीत गेली, आमच्या परिग्रहण रजिस्टरमध्ये प्रत्येक नंबरवर लाल शाईने रेघ मी मारली. सगळं अगदी नियमाने. आणि कपाटात खालच्या खणात वह्या होत्या, बावीस वर्षांच्या, एका जुन्या असिस्टंटने आणि नंतर आमच्या प्यूनने रोज सकाळी साडेआठला लिहिलेला पाऊस आणि विहिरीची पातळी. त्यांना नंबर नव्हता. नंबर नाही म्हणजे त्या कोणाच्याच नाहीत. मोठ्या लायब्ररीने घेतल्या नाहीत कारण त्या पुस्तकं नव्हेत, ऑफिसने घेतल्या नाहीत कारण त्या फायली नव्हेत. मी तीन वह्या पिशवीत घालून घरी आणल्या, बाकीच्या आणायला दुसऱ्या दिवशी रिक्षा करून गेले तर रद्दीवाला येऊन गेला होता.

ऑक्सफर्डला पेपर आहेत, पुस्तकं आहेत, रिपोर्ट आहे, ते कुठे जात नाहीत. पण साथीवाला, तत्त्वज्ञानवाला आणि कॉम्प्युटरवाला एकाच जेवणाच्या टेबलावर बसून अर्धवट कल्पना बोलायचे, आणि पाच वर्षं त्यातून काही निघालं नाही तरी चालायचं, याला नंबर कुठे असतो? जे विखुरले त्यांच्यावर आता कंपनीची डेडलाइन आहे, ग्रांटची डेडलाइन आहे. एकेकटा हुशारच आहे. एकत्र बसून निरुपयोगी वाटणारं काही बोलायची जागा मात्र गेली.

अशा दुसऱ्या संस्था आहेत का?

आहेत. केंब्रिजमध्ये २०१२ मध्ये तत्त्वज्ञ ह्यू प्राइस, खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस आणि स्काइपवाले यान तालिन यांनी सर्वनाशाच्या धोक्यांच्या अभ्यासाचं केंद्र काढलं, ते चालू आहे. अमेरिकेत २०१४ पासून फ्यूचर ऑफ लाइफ इन्स्टिट्यूट आहे, ते जास्त प्रचाराचं काम करतात. आणि विषय तर आता सगळ्यांच्या तोंडी आहे. मे २०२३ मध्ये जेफ्री हिंटन, योशुआ बेंजिओ, डेमिस हसाबिस, सॅम ऑल्टमन या एआयमधल्या बड्या मंडळींनी सही केली की एआयमुळे माणूस नामशेष व्हायचा धोका साथी आणि अणुयुद्धाच्या रांगेत बसवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कला देशोदेशीची सरकारं त्यासाठी जमली. २००५ मध्ये हे बोललं की लोक हसायचे. सगळे ऐकायला लागले त्याच हिवाळ्यात ज्यांनी सुरुवात केली त्यांचे करार संपत होते, हे मला अजून पचत नाही.

हे सगळं श्रीमंतांचं फॅड आहे. आज लोक उपाशी आहेत आणि तुम्ही लाख वर्षांनंतरचं बोलताय.

हा आक्षेप मी हलका समजत नाही. न जन्मलेल्या अब्जावधी माणसांच्या नावाने आजच्या माणसाला गप्प बसवता येतं, हा धोका खरा आहे, आणि या वर्तुळात काही जणांनी तसं केलंही आहे. अब्जाधीशांना हा विषय आवडतो कारण त्यात कोणाला किमान वेतन द्यावं लागत नाही, असं आमच्यातले एक काका म्हणतात, आणि त्यांचं सगळंच चूक नाही.

पण त्याच टोबी ऑर्ड यांनी २००९ मध्ये एक चळवळ सुरू केली ज्यात माणूस आयुष्यभर उत्पन्नाचा किमान दहावा हिस्सा गरिबीसारख्या प्रश्नांवर सर्वात परिणामकारक काम करणाऱ्यांना द्यायचं वचन देतो. म्हणजे एकच माणूस दोन्ही करू शकतो. आणि साथ आली की आधी कोण मरतं? संकट मोठं असलं म्हणून ते गरिबाला शेवटी गाठत नाही.

बडोद्यात बसून आपल्याला याचं काय?

ऑगस्ट २०२४ आठवतोय ना? विश्वामित्री धोक्याच्या पातळीच्या किती वर गेली, सोसायट्यांमध्ये कमरेइतकं पाणी, लोकांच्या अंगणात मगरी. माझ्या बहिणीकडे तळमजल्यावर तीन दिवस लाइट नव्हती, फ्रिज तरंगत होता, ती म्हणाली, असं कधी झालंच नव्हतं. झालं होतं, २०१९ मध्येही पाणी आलं होतं, फक्त तिच्या पायरीपर्यंत. कधी झालं नाही म्हणजे होणार नाही, हा जो आपला हिशोब आहे ना, त्याच्याविरुद्ध ती अख्खी संस्था एकोणीस वर्षं काम करत होती.

आणि आजवा बघा. सयाजी सरोवर १८९२ मध्ये पूर्ण झालं, तेव्हाच्या गावाला लागत होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त पाण्याचा विचार करून. ज्यांच्यासाठी केलं ते जन्मलेसुद्धा नव्हते. आज सकाळी मी आणि तुम्ही त्यातलंच पाणी प्यायलोय. त्यामुळे लांबचा विचार ही परदेशी गोष्ट आहे असं मला कोणी सांगू नये.

मला सुरुवात करायची आहे. काय वाचू?

सँडबर्ग यांचा शेवटचा रिपोर्ट. इंग्रजी अवघड नाही, आणि काय चुकलं तो भाग आधी वाचा, काय कमावलं ते नंतर. मी त्याची प्रिंट काढून स्पायरल केली आहे, चुकांचा भाग मराठीत करून वहीत लिहिलाय, भाषांतर अगदी सुंदर नाही पण कळेल. शनिवारी साडेपाचला या. वही तिथेच बसून वाचायची, घरी न्यायची असेल तर माझ्या रजिस्टरमध्ये नाव लिहून न्यायची. तिला मी नंबर घातलाय. पावसाच्या त्या तीन वह्यांनाही घातलाय, १ ते ३, आणि कोणाला त्यातले आकडे कॉम्प्युटरवर चढवता येत असतील तर मला दोन पोरं हवी आहेत. अक्षर थोडं लागायला वेळ लागतो, पहिल्या दिवशी मी बसेन सोबत.